जडवताना हिरा तुटतो का, आणि ‘दुकान जबाबदार नाही’ या चिठ्ठीवर सही करावी का?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात लिहितो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुमच्या आजेसासूबाईंच्या सात-सात हिऱ्यांच्या कुड्या आहेत, त्यातले १४ हिरे काढून पेंडंट करायचंय. शिवाय मिस्टरांनी बाहेरून आणलेला ६० सेंटचा (१०० सेंट म्हणजे एक कॅरट) चौकोनी, प्रिन्सेस कटचा हिरा अंगठीत बसवायचाय. सराफांनी दोन्ही कामं घेतली, पण एक छापील चिठ्ठी पुढे केली: ‘जडाईच्या वेळी खडा तुटल्यास दुकान जबाबदार राहणार नाही.’ हिरा जर जगातली सगळ्यात कठीण वस्तू, तर तो तुटेलच कसा, असं तुम्ही विचारताय. आणि ही चिठ्ठी म्हणजे खडा बदलायची किंवा हात झटकायची सोय तर नाही ना, अशीही शंका आहे.

मी सेटर आहे. दागिना घडवत नाही, त्यात फक्त खडे बसवतो. अंधेरीच्या सीप्झमधल्या, म्हणजे निर्यातीच्या कारखान्यांच्या वसाहतीतल्या, एका कारखान्यात शिकलो आणि गेली २२ वर्षं पुण्यात स्वतःच्या टेबलावर बसतो. तुमच्या सराफांसारखे दहा-बारा जण मला काम पाठवतात. गिऱ्हाइकाला माझं तोंड सहसा दिसत नाही, त्यामुळे अशा चिठ्ठ्या माझ्यासारख्यांपायीच छापल्या जातात म्हणायला हरकत नाही.

तर हो, हिरा तुटतो. माझ्या हातूनही तुटलाय. चिठ्ठी मागण्यात लबाडी नाही. पण तुम्हाला दिली तशी सरसकट चिठ्ठी असेल तर तिच्यावर सही करू नका. आधी तुटतो कसा ते सांगतो, मग चिठ्ठीकडे येतो.

ऐरणीवर ठेवून घणाचा घाव घातला तरी वाचतो तो खरा हिरा, हे आपण सगळेच लहानपणापासून ऐकत आलोय. मेहेरबानी करून हे करून बघू नका. हिरा खरा असेल आणि चुराही खऱ्या हिऱ्याचाच होईल. कठीण असणं वेगळं आणि चिवट असणं वेगळं. कठीण म्हणजे ज्यावर चरा पडत नाही. त्या बाबतीत मोह्सच्या मापात हिऱ्याला १० पैकी १० आहेत. पोलादाची कानस दिवसभर घासली तरी कानसच बोथट होईल. चिवट म्हणजे घाव सोसणारा. जेड नावाचा हिरवा दगड त्याच मापात सहा-साडेसहाच्या आसपास येतो, पण हातोडीला दाद देत नाही. हिऱ्याचं उलटं आहे. त्याच्या आत चार दिशा अशा असतात की त्या अंगाने घाव बसला की तो सपाट, स्वच्छ चिरतो. शहाबादी फरशी पापुद्र्यापापुद्र्याने सुटते, थर ओळखणारा माणूस छिन्नीच्या दोन ठोक्यांत लादी सरळ उकलतो, तसंच काहीसं.

पैलू पाडणारे या गुणाचा पूर्वीपासून उपयोग करून घेत आलेत. १९०८ मध्ये ॲम्स्टरडॅममध्ये जोसेफ आशर यांनी ३,१०६ कॅरटचा कलिनन हिरा असाच फोडला. नेमक्या दिशेला खाच पाडायची, खाचेत पोलादी पातं उभं करायचं आणि वरून एक ठोका. पहिल्या खेपेला पातंच मोडलं, असं सांगतात. अगदी छोटी जागा, नेमकी दिशा आणि एकदम जोर, या तीन गोष्टी जुळल्या की जगातला सगळ्यात मोठा हिराही दोन तुकडे होतो. सेटरच्या हातून नकळत नेमकं हेच घडू शकतं. पैलू पाडून झालेल्या हिऱ्यात ती दिशा कुठे आहे, हे टेबलावर बसून कळायला मार्ग नसतो. म्हणून आमच्या हातात एवढंच उरतं की दाब कुठेही टोचता कामा नये.

गिऱ्हाइकाला वाटतं हिरा दाबताना तुटतो. आवाज तेव्हा येतो, हे खरं. पण तुटायचं ठरलेलं असतं त्याच्या अर्धा तास आधी, बैठक कापताना. खड्याला वरून धरून ठेवणारे सोन्याचे बारीक आकडे म्हणजे प्रॉंग, आणि बैठक म्हणजे त्यांच्या आतल्या अंगाला कापलेली खाच. तिच्यात हिऱ्याची कड, आमच्या भाषेत गर्डल, जाऊन बसते. गोल हिऱ्याचा खालचा उतार साधारण ४१ अंशांचा असतो, तर माझ्या खाचेचा उतारही तेवढाच हवा. तो जमला की हिरा पाटावर मांडी घालून बसल्यासारखा बसतो आणि भार सगळीकडे वाटला जातो. खाच जरा तिरपी गेली, की हिरा चार प्रॉंगपैकी एकाच प्रॉंगवर, तिथेही एका ठिपक्यावर टेकतो. मग वरून लावलेला चार-पाच किलोंचा जोर सुईच्या टोकाएवढ्या जागेवर उतरतो. टोकदार टाचेचा सँडल ओल्या मातीत रुततो आणि कोल्हापुरी चप्पल रुतत नाही, माणूस तोच असला तरी. तसा हा हिशोब.

हे मला कुणी नुसतं समजावून सांगितलं असतं तर पटलं नसतं. सीप्झमध्ये चौथ्या वर्षी माझ्याकडे एक मार्कीज आला. होडीच्या आकाराचा, दोन्हीकडे निमुळती टोकं, ९० सेंटच्या आसपास. अंगठी व्हाइट गोल्डची, त्यातही निकेल मिसळलेल्या, म्हणजे वाकवलं तरी स्प्रिंगसारखं परत फिरणाऱ्या सोन्याची. टोकांना व्ही आकाराचे प्रॉंग. एक टोक बसलं. दुसऱ्यावर पुशर, म्हणजे प्रॉंग दाबायचं हत्यार, टेकवला, जोर लावला, सोनं हलेना. म्हणून आणखी जरा जोर लावला. आणि टिक.

तो आवाज दुसऱ्या कुणाला ऐकू जात नाही. शेजारी बसलेला रेडिओवर क्रिकेट ऐकत होता, त्याने मानही वर केली नाही. पण ज्याच्या बोटांखाली तो होतो त्याला कानाआधी नखांत कळतो. अर्ध्या मिलिमीटरचा टवका उडून टेबलाच्या फटीत कुठेतरी गेला, तो शेवटपर्यंत सापडला नाही.

आमचे उस्ताद मेदिनीपूरकडचे बंगाली. ओरडले नाहीत. प्रॉंग कापून हिरा काढला, रिकामी अंगठी मायक्रोस्कोपखाली ठेवली आणि म्हणाले, “देखो.” व्हीच्या खोबणीत, नेमक्या कोनात, सोन्याचा एक कीस राहिला होता. बरने, म्हणजे खाच कापायच्या बारीक फिरत्या हत्याराने, कापताना उचकटलेला आणि मी साफ न केलेला. बाकी सगळी खाच खरबरीत, मळकट, आणि त्या किसाचा माथा तेवढा आरशासारखा चमकत होता. हिरा फक्त तिथे टेकला होता. मी लावलेला सगळा जोर त्या एका चकचकीत ठिपक्याने झेलला आणि टोकात परत ढकलला.

तेव्हापासून महागाचा खडा आला की मी बैठक कापून झाल्यावर खाच मार्करने काळी करतो. हिरा नुसता आत ठेवायचा, हलकेच हलवायचा, काढायचा आणि काळं कुठे पुसलं गेलं ते बघायचं. सगळीकडे सारखं पुसलं तर पुढे जायचं. एकाच जागी पुसलं असेल तर बर पुन्हा हातात. यात १० मिनिटं जास्त जातात. खड्यामागे मजुरी घेणाऱ्या कारागिराला ती १० मिनिटं परवडत नाहीत, आणि सराफ ती धरून मजुरी देत नाहीत. हिरे तुटण्याचं मूळ बऱ्याचदा इथे असतं, पण चिठ्ठीत हे कुणी छापत नाही.

आता तुमचा प्रिन्सेस. ६० सेंट म्हणजे बाजू साधारण साडेचार मिलिमीटर. चारही कोपरे टोकदार, आणि टोकाशी हिरा सगळ्यात पातळ. गोल हिरा आला तर मी चहा घेता घेता बसवतो. प्रिन्सेस आला की चहा नंतर. एमराल्ड कटचे कोपरे आधीच तासलेले असतात, तिथे ही भीती नाही. प्रिन्सेसमध्ये कोपऱ्याचं टोक धातूला टेकताच कामा नये. म्हणून व्हीच्या आतल्या कोनात बारीक बरने एक खळगा करतात. टोक त्या खळग्यात अधांतरी राहतं आणि भार कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंच्या कडांवर पडतो. मग समोरासमोरचे प्रॉंग आळीपाळीने, थोडे थोडे दाबायचे. एक पूर्ण वाकवून मगच दुसऱ्याला हात लावला तर खडा तिरका होतो आणि तिथून पुढचा प्रत्येक दाब चुकीचाच पडतो. खाच प्रॉंगच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शाएवढी खोल असावी. उथळ असेल तर सोनं वाकवायला उगाच जास्त जोर लागतो.

सोनं कुठलं घेताय यानेही फरक पडतो. पिवळं १८ कॅरट समजूतदार असतं. पांढरंच हवं असेल तर पॅलेडियम मिसळलेलं व्हाइट गोल्ड किंवा प्लॅटिनम मागा. प्लॅटिनम जिथे वाकवलं तिथे राहतं. निकेलवालं परत उसळतं, म्हणून जास्त दाबावं लागतं. डिझाइनमध्ये चारही बाजूंनी सोन्याची सलग भिंत, म्हणजे बेझल असेल, तर वापरायला तो फार चांगला. बसवणाऱ्यासाठी मात्र चौकोनी हिऱ्याचा बेझल हे सगळ्यात नकोसं काम. कोपऱ्यात सोन्याची दाटी होते आणि ती हातोडीनेच खाली बसवावी लागते.

सोबत लॅबचा तपासणी रिपोर्ट असेल तर त्यात गर्डल कशी लिहिलीय ते बघा. ‘व्हेरी थिन’ किंवा ‘एक्स्ट्रीमली थिन’ असेल तर सेटरपर्यंत हे पोचलं पाहिजे. एवढ्या आकाराला जीआयए या हिरे तपासणाऱ्या संस्थेचा बहुधा छोटा रिपोर्ट मिळतो, डॉसिए म्हणतात त्याला. त्यात आतल्या दोषांचा नकाशा नसतो. त्यामुळे फेदर कुठे आहे हे आयग्लास, म्हणजे डोळ्याला लावायचं भिंग, लावूनच शोधावं लागतं. फेदर म्हणजे आतली पिसासारखी चीर. ती मधोमध असेल तर मला फिकीर नाही. कोपऱ्यापाशी असून कडेपर्यंत बाहेर आली असेल, तर काम घ्यायचं की नाही इथपासून विचार करावा लागतो. असे दोन-तीन खडे मी दरवर्षी परत पाठवतो, आणि सराफांचे टोमणे ऐकतो.

मिस्टरांनी आणलेला हिरा लॅबमध्ये तयार झालेला असला तरी हे सगळं तसंच लागू आहे. तोही हिराच, तसाच कठीण, तसाच चिरणारा. फक्त तुटला तर रडू कमी येतं.

खरं सांगू? तुमच्या दोन कामांत मला प्रिन्सेसपेक्षा कुड्यांची काळजी जास्त वाटते. हिरा बसवण्यापेक्षा जुन्या दागिन्यातून काढणं जास्त जोखमीचं, हे गिऱ्हाइकाला कुणी सांगत नाही. जुन्या कुड्यांतले हिरे बहुतेक जुन्या कटचे असतात, हाताने पैलू पाडलेले. कड एका बाजूला जाड, तर दुसऱ्या बाजूला सुरीच्या धारेसारखी. कोंदण मागून बंद, आत कधी लाख, कधी चांदीचा पत्रा. कित्येक वर्षांचं तेल, साबण आणि पावडर आत जाऊन घट्ट बसलेली. आणि सोन्याच्या ओठाखाली, म्हणजे हिऱ्याच्या कडेवर दुमडलेल्या काठाखाली, काय आहे, हे आज हयात असलेल्या कुणालाच माहीत नाही. तेव्हा बसवताना उडालेला टवका त्या वेळच्या कारागिराने शिताफीने सोन्याखाली घेतलेला असू शकतो. आम्हीही घेतो, खोटं कशाला बोलू? टवका लहान असला आणि मालकाची हरकत नसली तर खडा असा फिरवायचा की प्रॉंग नेमका त्यावर येईल. पण पुढे कधी कोंदण उघडलं की तो टवका समोर येतो आणि उघडणारा चोर ठरतो.

माझ्याकडे एका बाईंच्या अशाच कुड्या आल्या होत्या. १४ पैकी तीन हिरे टवके उडालेले निघाले. नशीब की उघडताना त्या समोर बसल्या होत्या. मी त्यांना आयग्लास दिला आणि टवक्याची खोबण दाखवली. आत काळा मळ साचलेला होता. ताजा टवका काचेसारखा लखलखीत असतो, त्यात मळ बसायला वेळ मिळालेला नसतो. बाईंनी शांतपणे बघितलं आणि म्हणाल्या, “म्हणजे सासूबाई कायम उजवीच कुडी मिरवायच्या ते उगाच नाही.” तर काढलेला हिरा धुण्याआधी बघा. एकदा अल्ट्रासोनिकमध्ये, म्हणजे दागिने धुवायच्या यंत्रात, गेला की मळाबरोबर पुरावाही जातो.

काढायची रीत अशी. घाईतला कारागीर टोकदार सळई ओठाखाली घालतो आणि हिरा उचकटतो. तेव्हा सळईचा टेकू नेमका हिऱ्याच्या कडेवर येतो. नीट करायचं तर ओठ बाहेरून कानशीने पातळ करायचा किंवा बारीक करवतीने उभा चिरायचा, सोनं हिऱ्यापासून लांब ओढायचं, आणि हिरा आपण होऊन निसटू द्यायचा. आत लाख असेल तर कुडी रात्रभर स्पिरिटमध्ये ठेवली की ती मऊ पडते. फारच नाजूक खडा असेल तर कोंदणच तेजाबात विरघळवतात. हिऱ्याला तेजाबाने काही होत नाही. अर्थात हे शुद्धीकरणवाल्याचं काम, आणि दागिन्यात मोती असतील तर या पद्धतीचं नावही काढू नये. निघालेला प्रत्येक हिरा वेगळ्या पुडीत जायला हवा. १४ हिरे एकाच पुडीत घालून खिशात टाकले की ते एकमेकांच्या कडा घासतात. हिऱ्यावर चरा पडतो तो हिऱ्यानेच. एरवी हिऱ्याची पूड लावलेला बर लागला तर. म्हणून चांगला सेटर असे बर वेगळ्या डबीत ठेवतो.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. मी तुमच्या जागी असतो तर कुड्या मोडल्या नसत्या. एका कुडीच्या मागे सोन्याची बारीक चौकट करून वर कडी घेतली की तिचंच पेंडंट होतं, आणि दुसरी तशीच दुसऱ्या चौकटीत अंगठीवर बसते. खडा एकही हलत नाही. हवं तेव्हा काढून पुन्हा कानात घालता येतात. फक्त कडी थेट कुडीला झाळू देऊ नका.

कारण झाळकामात आग येते. हिरा म्हणजे कार्बन, आणि कार्बन जळतो. लाव्हाझिएने १७७२ मध्ये पॅरिसला मोठ्या भिंगांनी ऊन एकवटून हिरा जाळून दाखवला होता. सोनाराच्या गॅसच्या झोताला तेवढी उष्णता गाठायला वेळ लागत नाही. उघड्या हवेत ७००–८०० अंशांच्या पुढे हिऱ्याचा पृष्ठभाग दुधाळ होऊ लागतो. त्यावर जुना उपाय आहे. कॅरमवर टाकतो ती बोरिक पावडर स्पिरिटमध्ये कालवायची, दागिना त्यात बुडवायचा आणि वरचं स्पिरिट पेटवून द्यायचं. खड्यावर पांढरा थर राहतो आणि हवा आत शिरत नाही. दुधाळ झालेला हिरा पुन्हा पॉलिश होतो, थोडं वजन जातं. पण आत चीर असलेला हिरा तापवून लगेच पाण्यात टाकला तर चीर वाढू शकते, आणि तिला परतीची वाट नाही.

बाहेरून आणलेला हिरा फारच स्वस्तात मिळाला असेल, तर एक गोष्ट तपासून घ्या. काही हिऱ्यांच्या चिरा काचेने भरलेल्या असतात. १९८० च्या दशकात इस्रायलमधून ही पद्धत पसरली. भरलेली चीर सहज दिसत नाही, पण खडा सावकाश तिरका केला की केशरी-जांभळी किंवा निळसर चमक आतून सरकताना दिसते. असा खडा झोताच्या जवळ गेला की भराव बाहेर येतो आणि तडा उघडा पडतो. त्यात सेटरचा दोष नसतो, पण आरोप त्याच्यावरच येतो. जीआयए भरलेल्या हिऱ्याला ग्रेड देत नाही, त्यामुळे त्यांचा रिपोर्ट असेल आणि तो याच खड्याचा असेल, तर ही शंका मिटली.

आता चिठ्ठी. जडाईची मजुरी शेकड्यांत, हिरा लाखांत. भानगड इथे आहे. त्या मार्कीजचं पुढे काय झालं सांगतो. कारखान्याने तो पुन्हा पैलू पाडायला पाठवला, ९० चा ७८ होऊन आला, आणि माझा त्या वर्षीचा बोनस गेला. सगळी भरपाई मागितली असती तर मी अजून फेडत बसलो असतो. हिऱ्यांचा भाव टप्प्यांनी चढतो, ५०, ७०, ९०, १०० सेंट असा. त्यामुळे ९० च्या आसपासचा ७८ झाला की नुसतं १२ सेंटचं नुकसान होत नाही, उरलेल्या ७८ चा दरही खाली येतो. तुमच्या प्रिन्सेसचंही तसंच. कोपरा गेला आणि तासून ५० च्या खाली आला, तर किंमत बरीच पडेल.

दुकानाने स्वतः विकलेला हिरा बसवताना तुटला तर दुकान निमूट दुसरा बसवतं, तुम्हाला कळतही नाही. खडा गिऱ्हाइकाचा असला की दुसरा आणायचा कुठून? आजेसासूबाईंचा तर कुठल्याच बाजारात मिळत नाही. शिवाय दुकानाचा विमा असला तरी काम चालू असताना झालेली मोडतोड त्यातून वगळलेली असू शकते. म्हणून सराफ घाबरतो, आणि ती भीती खरी आहे.

पण ‘काहीही झालं तरी आम्ही जबाबदार नाही’ हे जरा जास्तच झालं. माझ्या एका वकील गिऱ्हाइकाने मला १८७२ च्या करार कायद्याचं १५१ वं कलम दाखवलं होतं. दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेणाऱ्याने, एखादा सावध माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घेतली पाहिजे, असा त्याचा अर्थ. छापील चिठ्ठीने त्यातून सुटका होते का, यावर वकिलांनी भांडावं. मी सराफांना चिठ्ठी दोन भागांत लिहायला सांगतो. खड्यात आधीपासून असलेल्या आणि लिहून ठेवलेल्या दोषामुळे तुटला, तर नुकसान गिऱ्हाइकाचं. कामातल्या चुकीने तुटला, तर पुन्हा पैलू पाडायचा आणि नव्या रिपोर्टचा खर्च दुकानाचा. आणि वजन कमी होऊन पडलेली किंमत कशी वाटून घ्यायची, तेही आधीच बोलून घ्यायचं. हे ऐकून तोंड वाकडं करणारे सराफ आहेत, पण माझ्याकडे येणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त आता असंच लिहितात.

चूक कुणाची हे ठरवणार कोण, असं तुम्ही विचाराल. म्हणूनच चिठ्ठीत आणखी एक वाक्य घाला: खडा तुटला तर अंगठी आहे तशी ठेवायची, बैठक घासायची नाही, गिऱ्हाइकाला बोलवायचं. मायक्रोस्कोपखाली बैठक बघितली की तो चकचकीत ठिपका असतो किंवा नसतो. बैठक सगळीकडे सारखी टेकलेली असेल आणि हिरा जुन्या फेदरवर चिरला असेल, तर कारागिराला सोडून द्या. त्याने त्याचं काम केलंय.

चिठ्ठीच्या पाठीमागे खड्याचं वजन दोन दशांशांपर्यंत, कुठे काय दोष दिसला ते, आणि मोबाइलने आयग्लासमधून काढलेला फोटो, एवढं असू द्या. काम दुकानातच होणार की बाहेर कुणाकडे जाणार, हेही विचारा. बाहेर जाणार असेल तर वाईट वाटून घेऊ नका, चांगले सेटर बहुतेक बाहेरच बसतात. खडा बदलायची भीती प्रिन्सेसच्या बाबतीत सहज मिटते. जीआयएच्या डॉसिएवाल्या हिऱ्याच्या गर्डलवर रिपोर्टचा नंबर लेझरने कोरलेला असतो. देताना तो तुमच्या डोळ्यांनी वाचा, आणि प्रॉंगखाली झाकला जाणार नाही असा खडा फिरवून बसवायला सांगा, म्हणजे घेतानाही वाचता येईल. कुड्यांतले जुन्या कटचे हिरे तर बदलणं अवघडच. तसे १४ जुळवायला बदलणाऱ्यालाच वर्ष लागेल.

अंगठी घ्यायला जाल तेव्हा चारही प्रॉंगवरून एक केस फिरवा. अडकला तर टोकं नीट घासलेली नाहीत. मग अंगठी कानाशी धरून बोटाने टिचकी मारा. खुळखुळली तर तिथेच परत द्या. आणि कुड्या उघडायच्याच असं ठरलं, तर त्या दिवशी स्वतः जाऊन बसा. सकाळी ११ च्या सुमारास जा. तेव्हा उजेड चांगला असतो, कारागिराचे डोळे ताजे असतात, आणि रिकाम्या कुड्यांचं सोनं तुमच्यासमोर वजन करून तिथल्या तिथे परत घेता येतं.